लांकडाचा रंग : कोणता, कोठें आणि कशासाठीं



आजचा विषय ऐकतांना प्रथमदर्शनीं सुताराच्या दुकानांतला वाटेल. घरांतील लांकडी सामानास कोणत्या जातीचा रंग द्यावा, हा प्रश्न आपल्यापैकीं बहुतेक जण मिस्त्रीवर सोंपवून मोकळे होतात. मिस्त्री नमुन्यांचा तक्ता पुढें करतो, आपण त्यांतील एका चौकोनावर बोट ठेवतों, आणि आठ दिवसांनीं दाराकपाटांवर उतरलेला रंग पाहून 'नमुन्यांत दिसला तो हा नव्हे' असें मनांतल्या मनांत म्हणत त्याचे पैसे चुकते करतों. भिंतीचा रंग मनास आला नाहीं, तर पुढल्या दिवाळींत त्यावर दुसरा चढवितां येतो. लांकडांत मुरलेला रंग मात्र असा परत घेतां येत नाहीं. तो काढावयाचा म्हणजे बहुधा लांकूडच तासावें लागतें. जी गोष्ट एकदांच करावयाची असते, ती समजून उमजून करावी, एवढ्यासाठींच आजचें हें बोलणें.

आरंभीं शब्दांचा घोटाळा दूर करूं. आपल्याकडे 'पॉलिश' हा एकच शब्द दोन अगदीं निराळ्या क्रियांना लावला जातो. एक क्रिया लांकडास रंग देण्याची. हा पातळ रंग लांकडाच्या रंध्रांत शिरतो, लांकडाच्या रेषा तशाच दिसूं देतो आणि फक्त त्यांची छटा बदलतो. यास कारागीर स्टेन म्हणतात. दुसरी क्रिया त्यावर पारदर्शक थर चढविण्याची. लाखेचें पॉलिश, व्हार्निश, मेलामाइन, पॉलियुरेथेन हीं सर्व या दुसऱ्या वर्गांतलीं. तिसरा आपल्या ओळखीचा तैलरंग, तो लांकूड झांकूनच टाकतो. त्याचा आज विचार नाहीं. यांतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. स्टेन लांकडाचें रक्षण करीत नाहीं. पाणी, घाम, तेल, चहाचा पेला यांपासून लांकूड वांचवावयाचें काम वरच्या थराचें आहे. केवळ स्टेन देऊन सोडलेलें टेबल म्हणजे छत्रीवांचून पावसांत पाठविलेला मनुष्य होय.

आतां, लांकडास मुळांत रंग द्यावयाचाच कशाला? याचीं तीन उत्तरें संभवतात. पहिलें, जुळवणी. चार जुन्या खुर्च्यांच्या जोडीस दोन नव्या केल्या, तर त्या परक्या दिसूं नयेत. दुसरें, उठाव. कांहीं लांकडें फिकीं असतात आणि त्यांच्या सुंदर रेषा थोड्या रंगानें उजळून दिसतात. तिसरें उत्तर मात्र फारसें कोणी बोलून दाखवीत नाहीं. तें म्हणजे लपवणूक. फळीचा अर्धा भाग झाडाच्या गाभ्याचा आणि अर्धा सालीलगतचा पांढरट असेल, किंवा सागाच्या चौकटीस हलक्या लांकडाचें ठिगळ लावलें असेल, तर गडद रंगाचा एक हात फिरविला कीं सगळें एकजिनसी दिसतें. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, असा हा प्रकार. येथें प्रश्न केवळ सौंदर्याचा नाहीं. सागाचा गाभा वाळवीस आणि कुजण्यास दाद देत नाहीं, अशी त्याची ख्याति आहे आणि ती खरी आहे. पण त्याच झाडाच्या सालीलगतच्या पांढऱ्या भागांत तो टिकाऊपणा नसतो, व त्यास किडे लागतात. म्हणून तयार सामान विकत घेतांना रंग जितका गडद, तितकी आपली नजर अधिक सावध असावी. खणाची पाठ, कपाटाची खालची बाजू, बिजागरीमागची जागा, अशा ठिकाणीं रंग सहसा पोंचलेला नसतो, आणि लांकूड तेथें आपली जात सांगतें.

रंगाची निवड करावयाची, तर त्याचीं दोन अंगें ध्यानांत घ्यावीं लागतात. रंग देणारें द्रव्य हें एक, आणि तें वाहून नेणारा द्रव हें दुसरें.

रंगद्रव्यें दोन जातींचीं. एक जात मातीची, म्हणजे न विरघळणाऱ्या सूक्ष्म कणांची. गेरू, पिवडी, हिरमजी, काजळ हीं आपल्या घराण्यांतलीं नांवें याच जातींत मोडतात. आजच्या कारखान्यांतले लोहाचे तांबडे-पिवळे रंगही याच जातीचे. हे कण रंध्रांत आणि ओरखड्यांत जाऊन बसतात. उन्हानें ते सहसा उडत नाहींत. पण त्यांचा मारा फार झाला, तर लांकडाच्या रेषा धूसर होतात. दुसरी जात विरघळणाऱ्या रंगांची. साखर पाण्यांत विरते तसे हे द्रवांत विरतात आणि लांकडाच्या तंतूंतच शिरतात. त्यांची पारदर्शकता अप्रतिम. परंतु प्रकाशापुढें त्यांतले पुष्कळसे टिकाव धरीत नाहींत. आपल्याकडे खैराचा कात गरम पाण्यांत विरघळवून तपकिरी रंग करण्याची रीत जुनी आहे. इंग्लंडांत विल्यम पर्किन नांवाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें १८५६ सालीं क्विनीन बनविण्याच्या खटपटींत असतां अकस्मात् एक जांभळा कृत्रिम रंग मिळविला, आणि त्यांतून निघालेल्या कृत्रिम रंगांच्या धंद्यानें कापडाप्रमाणें लांकडाचाही बाजार काबीज केला. व्यवहाराचा नियम एवढाच, कीं ज्या वस्तूवर रोज ऊन पडतें, उदाहरणार्थ बाहेरचें दार अथवा पश्चिमेकडील खिडकी, तिला मातीच्या जातीचा रंग द्यावा. आंतल्या खोलींतील कोरीव पेटी किंवा आरशाची चौकट असेल, तर विरघळणारा रंग शोभतो.

तिसरीही एक रीत आहे. तींत बाहेरून रंग द्यावयाचा नसून लांकडांतील द्रव्याशीं रसायन घडवून तो उत्पन्न करावयाचा असतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपल्या वाडवडिलांनीं केली. तिचें मर्म असें, कीं हिरड्यांतील तुरट द्रव्य आणि लोह यांचा संयोग काळा होतो. बाभूळ, खैर यांच्या लांकडांतही तसेंच तुरट द्रव्य असतें. म्हणून शिरक्यांत लोखंडाचा कीस भिजवून तें पाणी अशा लांकडावर फिरविलें, तर तें कोठलाही रंग न लावतां काळवंडतें. याच कारणानें अशा लांकडावर ओल्या रंगाचें काम करतांना लोखंडी तारेचा चोथा वापरूं नये. त्याचे तुकडे अडकून काळे ठिपके उठतात. घरोघरीं आढळणाऱ्या पोटॅशियम परमँगनेटनेंही लांकूड तपकिरी होतें, पण तो रंग उजेडांत फिका पडत जातो. जुन्या पुस्तकांतून पोटॅशियम डायक्रोमेटची शिफारस आढळते. तिच्या वाटेस घरच्या माणसानें मुळींच जाऊं नये. तें द्रव्य विषारी असून कर्करोगास कारण होणारें आहे.

आतां द्रवाचा विचार. येथें निवड मुख्यतः तीन प्रकारांतून करावयाची असते : पाणी, स्पिरिट आणि तेल.

पाण्याचा रंग वासरहित असतो, त्यास पेट घेण्याचें भय नसतें, आणि तो लांकडांत चांगला मुरतो. त्याचा दोष एक. पाणी लागतांच लांकडाचे तंतू फुगून उभे राहतात आणि गुळगुळीत केलेली फळी हातास खरखरीत लागते. यावर उपाय सोपा आहे. रंग देण्यापूर्वींच फळी ओल्या फडक्यानें पुसून रात्रभर वाळूं द्यावी, उभे राहिलेले तंतू बारीक पॉलिश कागदानें हलकेच उतरवावे, आणि मग रंग द्यावा. दुसऱ्या वेळीं ते फारसे उठत नाहींत.

स्पिरिटचा रंग कांहीं मिनिटांत वाळतो. हाच त्याचा गुण आणि हाच दोष. लहान वस्तु, कोंपरे, एखादा उडालेला टवका यांसाठीं तो उत्तम. परंतु सहा फुटी टेबलावर नवशिक्यानें तो लावूं गेल्यास पहिला पट्टा दुसऱ्याच्या आधींच वाळतो आणि जेथें पट्टे एकमेकांवर येतात तेथें काळ्या रेघा राहतात. शिवाय लाखेचें पॉलिशही स्पिरिटांतच केलेलें असल्यामुळें, तें वर कुंचल्यानें लावतांना खालचा रंग पुन्हां सुटून येण्याचा संभव असतो.

तेलाचा रंग सर्वांत क्षमाशील. त्यांत बहुधा अळशीच्या तेलासारखें वाळणारें तेल आणि टर्पेंटाइनसारखें पातळ करणारें द्रव्य असतें. तो सावकाश वाळतो. म्हणून लावावा, थोडा वेळ मुरूं द्यावा, आणि जादा रंग कोरड्या फडक्यानें रेषांच्या दिशेनें पुसून घ्यावा. चूक झाली तर ती पुसण्यास अवधि मिळतो. घरीं प्रथमच हें काम करणाऱ्या गृहस्थानें अथवा गृहिणीनें तेलाचाच रंग घ्यावा, असा माझा सल्ला आहे. मात्र पुसण्यांत कुचराई करूं नये. लांकडानें जेवढा पिऊन घेतला तेवढाच रंग खरा. वर सांचून राहिलेला चिकट होतो आणि त्यावरचा थर पुढें सोलून निघतो. पूर्ण वाळण्यास एक अहोरात्र तरी द्यावें, पावसाळी हवेंत त्याहूनही अधिक. याच तेलाच्या रंगाचा एक घट्ट, मलमासारखा भाऊ बाजारांत मिळतो. त्यास जेल स्टेन म्हणतात. तो खोल न शिरतां पृष्ठभागावरच बसतो, आणि उभ्या फळीवरून ओघळत नाहीं. त्याचा उपयोग कोठें, तें आतां सांगतों.

कारण खरी निवड दुकानांत नव्हे, तर लांकडापाशीं करावयाची असते. एकच डबा सागावर एक रंग दाखवील, आंब्यावर दुसरा आणि रबराच्या झाडाच्या लांकडावर तिसरा. नमुन्यांच्या तक्त्यावरचा रंग कोणत्या तरी दुसऱ्या लांकडावरचा, किंबहुना पुष्कळदां नुसत्या कागदावरचा असतो. म्हणून तो पाहून फसावयास होतें.

प्रथम साग. नुकताच रंधलेला साग पुष्कळांना निराश करतो. त्यावर कोठें हिरवट, कोठें काळसर पट्टे दिसतात, आणि 'रंग एकसारखा करून द्या' अशी मागणी ताबडतोब होते. वास्तविक उजेड आणि हवा लागून कांहीं दिवसांतच हे पट्टे पुष्कळसे मावळतात व सागास त्याचा तो परिचित सोनेरी तपकिरी वर्ण येतो. ज्यास निसर्गच फुकट रंगवून देणार, त्यास पैसे देऊन काळें करण्यांत कोणतें शहाणपण? सागाच्या अंगीं स्वतःचें तेलही असतें. त्यामुळें कांहीं तेली थर त्यावर सावकाश वाळतात. काम सुरू करण्यापूर्वीं स्पिरिटनें अथवा थिनरनें पृष्ठभाग पुसून घेणें बरें. शिसवाविषयीं तर बोलावयासच नको. त्याचा जांभुळसर काळा वर्ण हेंच त्याचें मोल. कोंकणांतील घरांतून फणसाचें लांकूड असतें. तें ताजें असतां पिवळेंधमक असतें आणि वर्षांगणिक तपकिरी होत जातें. ब्रह्मदेशाकडील बौद्ध भिक्षूंचीं वस्त्रें ज्या रंगांत रंगवीत, तो याच लांकडांतून काढीत. अशा लांकडास वरून पिवळा रंग देणें म्हणजे हळदीस हळद लावणें होय.

रंगाची खरी गरज फिक्या लांकडांना. रबराच्या झाडाचें लांकूड मलईच्या वर्णाचें असून रंग पुष्कळसा एकसारखा घेतें. मात्र तें घराबाहेर टिकत नाहीं, आणि रंग दिल्यानें टिकूं लागत नाहीं. आंब्याचें लांकूड स्वस्त, पण त्याची शोषणशक्ति जागोजाग निराळी. सर्वांत अवघड म्हणजे पाइन, ज्याच्या मालाच्या पेट्या होतात आणि ज्यास आपण ढोबळपणें देवदार म्हणून मोकळे होतों. त्यांत मऊ आणि कठीण असे पट्टे एकाआड एक असतात. मऊ पट्टा रंग ढसाढसा पितो आणि कठीण पट्टा ओठही लावीत नाहीं. परिणाम असा होतो, कीं मूळचा फिका भाग गडद होतो, गडद भाग त्या मानानें फिका राहतो, आणि सगळी फळी फोटोच्या निगेटिव्हसारखी उलटी दिसूं लागते. शिवाय मधूनमधून ढगासारखे डाग पडतात. अशा ठिकाणीं तो घट्ट जेल स्टेन कामास येतो. दुसरा उपाय असा : एक लिटर स्पिरिटांत सुमारें ६० ग्रॅम चपडा लाख विरघळवून तें पातळ पाणी प्रथम सर्वत्र फिरवावें, वाळल्यावर हलकेच घांसावें आणि मग रंग द्यावा. लाखेनें मऊ भागांचीं तोंडें अर्धवट बंद केल्यामुळें तहान सर्वत्र सारखी होते. फळीच्या आडव्या कापलेल्या टोंकांनाही हीच युक्ति लागू आहे, कारण टोंकांशीं लांकडाच्या नळ्या उघड्या असतात आणि तेथें रंग काळाकुट्ट होतो.

प्लायवुडावर चिकटविलेल्या खऱ्या लांकडाच्या पातळ पापुद्र्यास रंग चांगला बसतो, पण तो पापुद्रा पुष्कळदां अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच जाड असतो. जोर करून घांसल्यास खालचा थर उघडा पडतो आणि ती जखम कोणत्याही रंगानें बुजत नाहीं. लांकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या फळ्यांस मुळांत रेषाच नसतात. तेथें स्टेनचा आग्रह धरण्यापेक्षां सरळ तैलरंग लावावा.

रंग ठरवितांना त्यावर येणाऱ्या थराचाही आधींच विचार व्हावा. आपल्या देशाची या बाबतींतील मोठी देणगी म्हणजे लाख. पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवर पोसणाऱ्या एका इवल्याशा किड्याचा हा स्राव. रांचीजवळ नामकुम येथें १९२४ सालीं तिच्या संशोधनासाठीं संस्था निघाली. एकेकाळच्या, मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या ग्रामोफोनच्या तबकड्याही याच लाखेच्या होत्या. तेव्हां ध्वनीचें आणि लाखेचें नातें आजच्या या माध्यमासही परकें नाहीं. स्पिरिटांत विरघळविलेल्या लाखेचें पॉलिश लांकडास जी खोल, मऊ झळाळी देतें, तिला तोड नाहीं. परंतु गरम कपबशी, पाणी आणि स्पिरिट हे तिचे तीन वैरी. म्हणून पुस्तकांचें कपाट, पेटी, कोरीव चौकट यांना लाखेचें पॉलिश द्यावें. जेवणाचें टेबल, स्वयंपाकघरांतल्या फळ्या, मुलांचें अभ्यासाचें मेज यांना पॉलियुरेथेनसारखा कणखर थर द्यावा. दोन्हींची सांगड घालावयाची असेल, तर लाख मेण काढलेली घ्यावी. मेणयुक्त लाखेवर पॉलियुरेथेन नीट धरत नाहीं. तेलाच्या रंगावर पाण्याचा थर चढवावयाचा असल्यास खालचा रंग पूर्ण वाळल्याची खात्री करावी. आणि श्रावणाच्या सरींत लाखेचें काम काढूं नये. स्पिरिट उडून जातांना पृष्ठभाग गार करतें, दमट हवेंतील पाणी त्यावर धरतें, आणि पॉलिशवर दुधासारखी साय येते. दसरा-दिवाळीचा सुमार या कामास उत्तम, हें आपल्या कारागिरांना न सांगतां ठाऊक असतें.

कृतीसंबंधीं थोडकेंच सांगतों, कारण ती हातानेंच शिकावयाची विद्या आहे. घांसणें नेहमीं रेषांच्या दिशेनें व्हावें. आडवा ओरखडा कोऱ्या लांकडावर दिसत नाहीं, पण रंग त्यांत शिरला कीं ओरडून उठतो. कागद १२० क्रमांकाचा, मग १५०, मग १८० अशा क्रमानें घ्यावा. तेलाच्या रंगासाठीं तेथेंच थांबावें. फार बारीक कागदानें लांकूड कांचेसारखें केलें, तर रंगास शिरावयास जागाच उरत नाहीं. सांध्यांवर सांडलेला गोंद ओला असतांनाच पुसून काढावा, नाहीं तर तेवढाच भाग रंग न घेतां पांढरा राहतो. भेगांत भरलेली लांबीही लांकडाप्रमाणें रंग पीत नाहीं. ती अंतिम रंगाशीं जुळती करून भरावी.

आणि या सर्वांच्या आधीं दोन परीक्षा कराव्या. पहिली परीक्षा फुकटची आहे. ओल्या फडक्यानें लांकूड पुसून, तें ओलें असतां कसें दिसतें तें पाहावें. रंग न देतां नुसता पारदर्शक थर दिल्यास लांकूड साधारणतः तसेंच दिसेल. पुष्कळदां येथेंच निकाल लागतो आणि रंगाचा खर्च वांचतो. दुसरी परीक्षा त्याच लांकडाच्या उरलेल्या तुकड्यावर, त्याच कागदानें घांसून, त्याच रंगानें, आणि वरच्या थरासह करावी. तो तुकडा दिवसाच्या उजेडांत पाहावा, रात्रीं दिव्याखालीं पाहावा, आणि जेथें ती वस्तु ठेवावयाची तेथें नेऊन पाहावा. दोन छटांत मन घुटमळत असेल, तर फिकी निवडावी. फिक्यावर आणखी एक हात देऊन गडद करतां येतें; उलट वाट नाहीं.

आतां एक गंभीर सूचना, आणि ही कोणीही कानाआड करूं नये. अळशीच्या तेलानें भिजलेल्या चिंध्या कोंबून ठेवल्या, तर त्या आपोआप पेट घेतात. हें तेल उडून वाळत नाहीं. तें हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून वाळतें, आणि त्या क्रियेंत उष्णता निर्माण होते. पसरलेल्या फडक्यांतून ती निघून जाते. ढिगाच्या पोटांत मात्र ती सांचत जाते. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं २३ फेब्रुवारी १९९१ रोजीं वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीस आग लागली. बाविसाव्या मजल्यावर लांकूडकामाची दुरुस्ती करणाऱ्या लोकांनीं अळशीच्या तेलाच्या चिंध्या तशाच टाकून दिल्या होत्या. आग मजल्यामागून मजला चढत गेली आणि तिसाव्या मजल्यावरील स्वयंचलित पाण्याच्या फवाऱ्यांपाशीं थांबली. तोंपर्यंत अग्निशामक दलाच्या तीन जवानांचे प्राण गेले होते. एवढा अनर्थ कशानें, तर मूठभर चिंध्यांनीं. म्हणून काम संपतांच चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्या, किंवा पाण्यानें भरलेल्या पत्र्याच्या डब्यांत बुडवून झांकण लावावें. जिन्याखालच्या कोनाड्यांत त्या कदापि टाकूं नयेत. स्पिरिटचें काम चाललें असतां जवळ शेगडी वा निरांजन नसावें, आणि खिडक्या उघड्या असाव्या.

दुसरी सूचना जुन्या रंगविलेल्या सामानाविषयीं. पूर्वींच्या तैलरंगांत शिसें असे. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांच्या आंत राखण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आला. त्यापूर्वींचा पाळणा किंवा कपाट कोरड्या कागदानें घांसूं लागलों, तर ती धूळ घरभर बसते, आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूस शिसें अत्यंत घातक आहे. तें काम मुलें नसतील अशा जागीं, ओलें करून आणि तोंडानाकावर चांगलें आवरण बांधून करावें.

शेवटीं जुन्या वस्तूंविषयीं दोन शब्द. पुष्कळ घरांत आजोबांच्या काळचें एखादें सागाचें कपाट, आजीचा पाट, शिसवी आरामखुर्ची असते. नव्या घरांतल्या नव्या सामानाशीं तिचा मेळ बसावा म्हणून तिला गडद रंग देण्याची लहर येते. माझी विनंति आहे, कीं ती लहर आठ दिवस थोपवून धरावी. मऊ फडकें, किंचित् कोमट पाणी, आणि मग थोडें मेण किंवा लाखेचा एक पातळ हात, इतक्यानें ती वस्तु किती उजळते तें प्रथम पाहावें. पन्नास-साठ वर्षांच्या उजेडानें आणि हातांच्या स्पर्शानें लांकडास जो वर्ण चढतो, तो कोणत्याही डब्यांत भरून विकत मिळत नाहीं. नव्या सामानाची छटा जुन्याशीं जुळविणें हें कारागिराचें काम आहे. जुन्यानें आपला चेहरा बदलून नव्याशीं जुळवून घ्यावें, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

सारांश, रंगाचा डबा उघडण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे. हें लांकूड कोणतें? ही वस्तु कोठें राहणार आणि तिच्यावर काय काय सांडणार? वर कोणता थर येणार? आणि रंग देऊन मला लांकूड दाखवावयाचें आहे कीं झांकावयाचें आहे? पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें दुकानदार किंवा मिस्त्री देऊं शकेल. चौथ्याचें उत्तर मात्र आपलें आपणच द्यावयाचें आहे, आणि तें प्रामाणिकपणें दिलें, तर पुष्कळ वेळां डबा मुळीं उघडावाच लागणार नाहीं.